मुलांची आई, परका देश आणि नवऱ्याच्या नावावरचा व्हिसा

अबोली_एनजे (धागाकर्ती) :

न्यू जर्सीत दक्षिण आशियाई बायकांसाठी चालणाऱ्या एका हेल्पलाइनवर मी आठवड्यातली एक संध्याकाळ फोन घेते. तिथलं कुणाचं प्रकरण इथे मांडणार नाही. खाली जे आहे ते अनेकींकडून पुन्हापुन्हा ऐकलेलं आणि मुद्दाम सरमिसळ केलेलं आहे. तेव्हा 'ही अमुकची बायको तर नव्हे?' असे अंदाज कृपया बांधू नका.

एक गोष्ट आधीच सांगते. फोनवर माझ्या तोंडून मराठी ऐकलं की समोरची मराठी बाई खुलत नाही, उलट गप्प होते. ही महाराष्ट्र मंडळात ओळखीची निघाली तर? गणपतीत समोर आली तर? काही जणी तर सरळ सांगतात, "दुसरी कुणी असेल तर द्या, हिंदी चालेल."

परवा मंडळाच्या हळदीकुंकवाला हा विषय निघाला आणि एकीने ठेवणीतलं वाक्य टाकलं, "एवढ्या शिकलेल्या बायका मार खातात तरी कशा?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला या प्रश्नाचा राग येतो. जाब नेहमी तिलाच विचारायचा आणि तिला बांधून ठेवणारे कागद मात्र कुणी बघायचे नाहीत.

आता आपण डोक्यात काय घेऊन विमानात बसतो ते बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस, २०१९-२१) लोकांना सात कारणं वाचून दाखवली : न सांगता बाहेर गेली, घर-मुलांकडे दुर्लक्ष केलं, उलट बोलली, शरीरसंबंधाला नकार दिला, स्वयंपाक नीट केला नाही, नवऱ्याला संशय आला, सासरच्यांचा मान ठेवला नाही. यातल्या एका तरी कारणासाठी नवऱ्याने मारलं तर चालेल, असं भारतातल्या ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितलं. सगळ्यांत जास्त मतं सासरच्यांच्या मानाला, त्याखालोखाल घर-मुलांना. भाकरी करपली म्हणून मारण्याला पाठिंबा त्यामानाने कमी. म्हणजे या हिशेबात बाई आधी सून, मग आई. बायको कुठेतरी शेवटी.

पण एवढ्यावर थांबलं की 'आपली संस्कृतीच तशी' म्हणून मोकळं होता येतं. अनिता राज आणि जे सिल्व्हरमन यांनी बॉस्टन परिसरातल्या १६० दक्षिण आशियाई स्त्रियांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध केली. सुमारे ४० टक्के जणींनी त्या वेळच्या जोडीदाराकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. पाहणी छोटी आहे, तिच्यावरून अख्ख्या अमेरिकेचा आकडा काढू नये. पण नुसत्या शिक्षणाने बाई वाचते हा समज सोडून द्यायला तेवढी पुरे.

माझ्या मते खरी गोम एच-४ मध्ये आहे. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको त्याच्या आधाराने एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. २६ मे २०१५ पासून काही एच-४ बायकांना काम करायची परवानगी मिळू लागली, तीही नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठीचा अर्ज) मंजूर असेल किंवा त्याला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली असेल तरच. तो अर्ज भरते नवऱ्याची कंपनी. घटस्फोट झाला की एच-४ संपला. आणि भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे ते इथे कुणाला सांगायला नको.

मग घरात काय होतं? बँकेचं खातं दोघांच्या नावावर, पण ओटीपी त्याच्या फोनवर. तिचा मोबाइल फॅमिली प्लॅनवर, त्यामुळे कुणाला किती वेळ फोन केला ते बिलात दिसतं. गाडी शिकायचं 'पुढच्या समरला बघू'. पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या बॅगेत, 'सेफ राहतो' म्हणून. यात हात कुठेच उचललेला नाही. म्हणूनच फोन करणारी बाई बहुतेकदा सुरुवात करते ती, "तसा तो मारत नाही हो," अशी.

मूल झालं की फास आवळतो. पहिले सहा महिने तिची आई, पुढचे सहा महिने सासू. त्या असेपर्यंत घर भरलेलं. सासूच्या मुक्कामात 'आमच्या मुलाला डबा नाही मिळाला आज' हे रोज ऐकायचं, आणि सासू परत गेली की त्याचा हिशेब निघतो. तोवर मूल वर्षाचं. डे-केअरचा खर्च ऐकून 'तुझ्या पगारात भागणार का?' असा सवाल. मग ती घरीच.

तुमच्या तुमच्या देशांत काय नियम आहेत, काय बघितलंत, लिहा. 'बायका सहन का करतात' ही चर्चा मात्र या धाग्यावर नको.

खडूस_पेठकर :

लेख नेहमीप्रमाणे एकतर्फी. नवरा स्वतःच्या हिमतीवर बायकोला अमेरिकेत नेतो, बारा-बारा तास राबतो, आणि ओटीपी त्याच्या फोनवर येतो म्हणून तो अत्याचारी? आमच्या घरात बँकेची सगळी कामं मीच बघतो, सौ.ना त्यातलं काही कळत नाही आणि त्यांची तक्रारही नाही. दुसरं, ४९८अ चा (बायकोच्या छळाविरुद्धचं कलम) किती गैरवापर होतो ते सुप्रीम कोर्टानेच २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलंय. एनआरआय मुलांच्या म्हाताऱ्या आईवडिलांना पोलीस ठाण्यात बसवून ठेवतात, त्यावरही धागा काढा.

मीनल_के :

पेठकरकाका, सौ.ना तक्रार आहे का हे तुम्ही सांगून कसं चालेल? त्यांनाच आयडी काढून द्या की.

वकीलकाकू :

अर्नेश कुमार निकालाचं नाव निघालंच आहे तर तो काय सांगतो तेही घ्या. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी यांत्रिकपणे अटक करू नये, कारणं नोंदवावीत, असं तो सांगतो. गैरवापराबद्दल कोर्ट त्यात बोललंय, मान्य. पण गुन्हा राहिला तसाच आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली येतो. आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, दारात बर्फ आणि कडेवर मूल अशा अवस्थेत बसलेल्या बाईला त्या रात्री या कलमाचा उपयोग शून्य. पुढचं सविस्तर रात्री लिहिते.

टेक्सासचा_तात्या :

पुरुषांच्या बाजूने चार ओळी लिहितो, पेठकरांसारख्या नाही.

इथे आमच्या ओळखीत बायको नर्स आणि नवरा तिच्या व्हिसावर, अशी बरीच मल्याळी घरं आहेत. मराठीतही आता उलटा एच-४ दिसतो : ती एच-१बी वर, तो घरी. नवरा घरी म्हणजे ओटीपी तिच्या फोनवर. मग हिंसा उलटी व्हायला हवी ना? माझ्या बघण्यात तसं नाही. तो घरी बसलेला असला तरी स्वयंपाक तीच करते, आणि घर अस्वच्छ का, यावरून आवाज त्याचाच चढतो. तिने 'मी दमलेय' म्हटलं की 'आता तू कमावतेस ना' हे तयार असतं. कागद तिच्या नावावर असूनही वरचष्मा त्याचाच. तेव्हा अबोलीताई, सगळं खापर व्हिसावर फोडू नका. कागद फक्त दार लावून घेतो, आत कोण कुणावर ओरडणार ते आधीच ठरलेलं असतं.

एच-१बी वाल्याची नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. ले-ऑफच्या लाटेत आमच्या सोसायटीत रात्री कुठल्या घरांतून आवाज येतात हे सगळ्यांना माहीत होतं. कुणीही दार वाजवलं नाही. सगळे एकमेकांना जॉब पोर्टलच्या लिंका पाठवत होते.

अबोली_एनजे :

तात्या, 'दार लावून घेतो' हे पटलं. पण उलट्या एच-४ च्या घरातल्या बाईकडे निदान बाहेर पडायची किल्ली असते, एवढा फरक मला मोठा वाटतो. तिचे फोन आमच्याकडे येतात तेव्हा प्रश्न वेगळा असतो. 'मी निघाले तर तो म्हणेल, ही पैशाने माजली,' आणि तेच वाक्य तिची स्वतःची आईही म्हणेल, याची तिला खात्री असते.

लाइपझिगकर :

जर्मनीतून लिहितोय. माझी बायको आणि मी एका निर्वासित वसतिगृहात भाषा शिकवायला जातो. बायकांचा वर्ग तिचा, त्यामुळे यातलं बरंच तिच्याकडून आलेलं.

२०१५ मध्ये इथे सुमारे ८ लाख ९० हजार लोक आश्रय मागायला आले, त्यांत सीरियन सर्वाधिक. वसतिगृहात एका कुटुंबाला एक खोली. चार मुलं, नवरा-बायको, मध्ये पडदा. सीरियातल्या अलेप्पोत ज्याचं वायरिंगचं दुकान होतं, त्याला इथे प्रमाणपत्राशिवाय कुणी बल्ब बदलू देत नाही. जॉबसेंटरच्या (सरकारी रोजगार कार्यालयाच्या) खुर्चीत तो बसतो आणि त्याच्या वतीने बोलते नऊ वर्षांची मुलगी, कारण घरात चांगलं जर्मन तिलाच येतं. बाप त्या मुलीकडे बघतो ते माझ्याच्याने बघवत नाही. रात्री तो राग कुणावर निघतो ते कळायला फार डोकं लागत नाही.

आता अबोलीताईंच्या ओटीपीसारखीच इथली गोष्ट. सरकारी मदत कुटुंबातल्या एका 'प्रतिनिधी'च्या खात्यात जाते. प्रतिनिधी म्हणजे बहुधा नवरा. माझा भाग वेगळ्या खात्यात द्या, असं बायको लेखी मागू शकते. पण हे तिला सांगतं कोण? कागद जर्मनमध्ये, आणि घरातली दुभाषी ती नऊ वर्षांची मुलगी.

बायकोच्या वर्गात एकदा धडा होता, 'घरातली कामं कोण करतं?' क्रियापदं शिकवायला. एकीने वहीत नीट लिहिलं, 'माझा नवरा भांडी घासतो.' बाकीच्या खळखळून हसल्या. तिने लगेच पान फाडलं आणि पर्समध्ये घातलं. वही घरी तपासली जाते म्हणाली. गंमत म्हणजे 'बाईने घर सांभाळावं का?' असं विचारलं की याच बायका एका सुरात हो म्हणतात. पण स्वतःच्या मुलींबद्दल विचारलं की डॉक्टर, इंजिनिअर, आणि 'लग्न सावकाश'. त्यामुळे 'तुमचे विचार काय?' या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरावरून फार निष्कर्ष काढू नयेत असं मला वाटतं.

कायद्याचं थोडं : नवऱ्याच्या आधाराने आलेल्या बाईला स्वतंत्र राहण्याचा परवाना मिळायला इथे साधारण तीन वर्षं संसार व्हावा लागतो. घरात हिंसा असेल तर ही अट बाजूला ठेवता येते, पण ते दाखवून द्यावं लागतं. निर्वासित बाई आपल्या मुलाखतीसाठी स्त्री अधिकारी आणि स्त्री दुभाषी मागू शकते. मान्यता मिळाल्यावर कुठल्या राज्यात राहायचं याचं तीन वर्षांचं बंधन असतं. दुसऱ्या राज्यातल्या महिला निवासात जायचं तर ते उठवून घ्यायला अर्ज करावा लागतो, म्हणजे मारहाणीतून पळालेल्या बाईने आधी रांगेत उभं राहायचं. ११६ ०१६ ही हेल्पलाइन चोवीस तास असते. अरबी, फारसी, तुर्की, कुर्दी भाषांत बोलणाऱ्या बायका तिथे मिळतात.

आणि हो, जर्मन शेजारी 'त्यांच्यात हे असंच' म्हणून खांदे उडवतात. याच देशात २०२३ साली १५५ बायका नवऱ्याच्या, जोडीदाराच्या किंवा आधीच्या जोडीदाराच्या हातून मेल्या. त्या सगळ्या काही अलेप्पोहून आलेल्या नव्हत्या.

खडूस_पेठकर :

सीरियाचा आणि आपला काय संबंध? आपल्याकडे निर्वासित वगैरे भानगड नाही.

बीडचा_बाप्या :

काका, संबंध हाय. आमच्याकडं या.

दिवाळी झाली की केज, धारूर, वडवणीतली गावं ओस पडत्यात. लोक कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात ऊस तोडायला. मुकादम (मजूर नेणारा ठेकेदार) उचल, म्हंजी आगाऊ पैसं, देतो ती जोडीला : नवरा-बायको मिळून एक कोयता. पैसा मोजून घेतो नवरा, अंगठा-सही त्याची. बाई पहाटं उठून भाकरी करती, फडात मोळ्या बांधती, डोक्यावर घेऊन गाडीत भरती, रात्री कोपीत (झोपडीत) येऊन परत चूल. आजारी पडली, एक दिस गेली नाही, की खाडा. तो उचलीतनं कापला जातो. मग त्या खाड्यावरनं कोपीत काय होतं ते शेजारच्या कोपीत ऐकू जातं, भिंत पाचटाची. पोलीस ठाणं दुसऱ्या जिल्ह्यात नाहीतर दुसऱ्या राज्यात, तिथली भाषा कानडी. माहेर तीनशे किलोमीटर. उचल फिटल्याबिगर निघताच येत नाही.

तुमच्या एच-४ मध्ये आणि यात मला काय लई फरक दिसत नाही. तिकडं व्हिसा नवऱ्याच्या नावावर, हिकडं उचल.

मीनल_के :

बाप्या, +१. हा प्रतिसाद वेगळा धागा करून टाका खरं तर.

मी स्वतः एच-४ वर राहिलेय, आता नाही. जास्त तपशील देणार नाही. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी पावत्यांचा कार्यक्रम असायचा. डायनिंग टेबलावर आठवड्याच्या पावत्या पसरायच्या, तो एक्सेलमध्ये भरणार, मी कारण सांगणार. कढीपत्त्याचे दोन डॉलर का? इंडियन स्टोअरमध्ये दोनदा का गेलीस? मुलाचा खोकला होता, ओवा हवा होता. मग 'आधीच्या वेळी का नाही आणलास?' याला उत्तर नसतं. तिथून गाडी माझ्या आईवडिलांनी मला काय शिकवलं यावर यायची. ज्या दिवशी प्लेट भिंतीवर गेली त्या दिवशी मला जवळजवळ सुटल्यासारखं वाटलं, कारण आता निदान सांगण्यासारखं काहीतरी घडलं होतं.

मदत कुठून मिळाली ते सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. मुलाच्या दोन महिन्यांच्या तपासणीला बालरोगतज्ज्ञाकडे आईलाच दहा प्रश्नांचा एक कागद देतात, बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा. नवरा शेजारी बसून माझी उत्तरं वाचत होता, सगळी छान-छान भरली. पुढच्या वेळी नर्सने त्याला इन्शुरन्सचं काहीतरी विचारायला मुद्दाम काउंटरवर पाठवलं आणि मुलाचं वजन करता करता, माझ्याकडे न बघता विचारलं, "घरी सुरक्षित वाटतं का?" मी हो म्हणाले. तिने वजनाच्या चिठ्ठीच्या मागे एक नंबर लिहून दिला. तो नंबर वापरायला मला बरेच महिने लागले, पण चिठ्ठी मुलाच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये ठेवली होती. ती फाइल तो कधीच उघडत नसे.

'मुलांसाठी राहिले' असं बायका म्हणतात त्याला लोक हसतात. माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. निघाले असते तर मुलगा अमेरिकन नागरिक, तो इथेच राहिला असता आणि मी पुण्याला.

लंडनची_लीला :

मीनल, वाचून अंगावर काटा आला.

यूकेत तुझ्या पावत्यांच्या कार्यक्रमाला कायद्यात नाव आहे. २०१५ च्या सीरियस क्राइम ॲक्टखाली जोडीदारावर सतत दाब-नियंत्रण ठेवणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. हात उचललेला असायलाच हवा असं नाही.

इथवर यायला आपल्याच बायकांनी रस्ता केला. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संघटना १९७९ ची, आशियाई आणि आफ्रिकन-कॅरिबियन बायकांनी उभारलेली. किरणजीत अहलुवालिया नावाच्या पंजाबी बाईने दहा वर्षं मार खाऊन १९८९ मध्ये झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं. दोन लहान मुलांची आई. जन्मठेप झाली. संघटनेने तिचं प्रकरण लावून धरलं आणि १९९२ मध्ये ती सुटली. वर्षानुवर्षांच्या छळाचा बाईच्या मनावर काय परिणाम होतो, हे इंग्लंडच्या न्यायालयांना त्यानंतर दुर्लक्षून चालेना.

व्हिसाचं म्हणाल तर इथे पार्टनर व्हिसावरच्या बाईला 'सरकारी मदत नाही' असा शिक्का असतो. महिला निवासात खोली हवी तर पैसे कोण भरणार, असा प्रश्न यायचा. २०१२ पासून अशा बाईला तीन महिन्यांची सवलत मिळते, त्या काळात मदत घेता येते आणि कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो. पण विद्यार्थी नवऱ्याच्या आधाराने आलेल्या बाईला कायम राहण्याची ही वाट नाही. आणि मध्यंतरी आपल्याकडून मास्टर्सला येणारे बरेच जण बायका-मुलं घेऊन येत होते. (आता तो नियमही कडक झालाय, ते असो.)

संपादक :

एका प्रतिसादातून शहराचं आणि कंपनीचं नाव काढलं आहे. कृपया ओळख पटेल असे तपशील देऊ नका. ज्यांना मदत हवी आहे त्यांनी शक्यतो घरच्या वायफायवरून आणि घरातल्या सामायिक संगणकावरून हा धागा वाचू नये.

साताऱ्याची_आजी :

मी इथे फक्त वाचत असते. आज लिहिते आहे. अबोली बाळ, तुला एक विचारायचं आहे. माझी भाची परदेशात आहे, देश सांगत नाही. व्हिडिओ कॉलवर मुलगी छान दिसते, जावई मागे येऊन नमस्कार करतो. पण हल्ली ती एकटी अशी कधी बोलतच नाही. फोन नेहमी स्पीकरवर. तिच्या आईने तिला सांगितलं, "थोडं सोस, पहिली पाच वर्षं सगळ्यांचीच अशी जातात." मीही माझ्या काळी हेच ऐकलं होतं आणि दुसऱ्यांना सांगितलंही. आता तिच्याशी बोलू तरी कशी? काय विचारू?

अबोली_एनजे :

आजी, 'सगळं ठीक ना?' असं विचारू नका. स्पीकरवर उत्तर एकच येणार. पाककृतीच्या, बाळाच्या कपड्यांच्या निमित्ताने नियमित फोन करत राहा, म्हणजे तुमचा फोन आला यात कुणाला काही खटकणार नाही. ती बाळाला घेऊन पार्कात किंवा लायब्ररीत कधी जाते ते हळूच काढून घ्या आणि त्या वेळी करा. तेव्हाही सल्ला नको. एवढंच सांगा, "तू कधीही आलीस तरी माझ्या घरी खोली आहे, आणि मी कुणाला काही विचारणार नाही." आमच्याकडे येणाऱ्या बायकांना नवऱ्याइतकीच भीती असते ती माहेरच्या दाराची. एनएफएचएसच्याच आकड्यांत, मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. तुम्ही विचारलंत यानेच बरं वाटलं.

आणि तिच्या आईला 'सोस' म्हणणं बंद करायला सांगा. तुमचं ऐकतील.

वकीलकाकू :

उशीर झाला. अमेरिकेपुरतं, ढोबळ लिहिते. हा सल्ला समजू नका, तिथल्या इमिग्रेशन वकिलाला विचाराच.

नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर १९९४ च्या व्हीएडब्ल्यूए (स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी) कायद्याखाली बायको त्याला न कळवता स्वतःचा अर्ज करू शकते. एच-१बी वाल्याच्या बायकोला हे दार बंद. तिच्यासाठी दोन वाटा. एक, आय-७६५व्ही या अर्जावर छळ झालेल्या एच-४ बायकोला कामाचा परवाना मिळू शकतो. कायद्यात तरतूद २००५ ची, अर्ज प्रत्यक्षात मिळू लागला २०१७ मध्ये. दुसरी वाट यू व्हिसाची : गुन्ह्याची तक्रार केली, तपासात सहकार्य केलं आणि पोलिसांनी किंवा सरकारी वकिलांनी तसं लिहून दिलं तर. वर्षाला फक्त १०,००० दिले जातात, रांग कित्येक वर्षांची. तरी अर्ज आत असणं काहीच नसण्यापेक्षा बरं.

मुलांबद्दल सगळ्यांत महत्त्वाचं. 'उठले, मुलाला घेतलं आणि विमानात बसले' हे करण्याआधी तिथल्या वकिलाशी बोला. मुलांना एका देशातून दुसरीकडे नेण्याबद्दलचा हेगचा १९८० चा करार आहे, भारताने त्यावर सही केलेली नाही. त्यामुळे बायकांना वाटतं की भारतात पोचलो की सुटलो. पण अमेरिकेत दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून मूल देशाबाहेर नेणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. मग नवरा तिथल्या कोर्टातून ताब्याचा आदेश आणतो आणि इथे हेबियस कॉर्पस (मुलाला कोर्टात हजर करा, असा अर्ज) लावतो. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन प्रकरणात मुलाचं हित सर्वांत वर, परदेशी आदेश हा फक्त एक मुद्दा, असं म्हटलं. तरी नंतरच्या काही प्रकरणांत मुलांना परत पाठवण्याचे आदेशही झालेत. भरवशाचं असं यात काही नाही.

भारतात परत आलेल्या बाईसाठी एक दिलासा : २०१९ च्या रूपाली देवी निकालामुळे छळाची तक्रार ती जिथे आश्रयाला आली आहे तिथे, म्हणजे माहेरच्या गावीही, देता येते. घरगुती हिंसाचार कायदा २००५ खालीही तात्पुरत्या मुक्कामाच्या ठिकाणी अर्ज चालतो. राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय कक्ष २००९ पासून आहे. आणि नवऱ्याने तिकडच्या कोर्टातून परस्पर घटस्फोट आणला तर तो इथे आपोआप लागू होत नाही. १९९१ चा नरसिंह राव निकाल त्यावर आहे.

खडूस_पेठकर :

वकीलकाकू, माहितीबद्दल आभार. मी म्हणतो त्यालाही आधार आहेच, पण पासपोर्ट नवऱ्याच्या बॅगेत हे मला माहीत नव्हतं. आमच्या मुलीला विचारून बघतो.

टेक्सासचा_तात्या :

अमेरिकेतल्यांसाठी : राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३, दुभाषी मागता येतो. आपल्या भाषा समजणाऱ्या संस्था : न्यू जर्सीत मानवी (१९८५, आपल्याकडची अशी पहिली), न्यूयॉर्कला सखी, शिकागोला अपना घर, बे एरियात मैत्री आणि नारिका, ह्यूस्टनला दया. मंडळाच्या वेबसाइटवर स्पॉन्सर ज्वेलर्सच्या शेजारी एवढी यादी टाका असं मी आमच्या कमिटीला सुचवलं होतं. 'फॅमिली इव्हेंट आहे, निगेटिव्ह वाटेल' असं उत्तर आलं. मग आमच्या सौ.नी ती छापून हॉलच्या लेडीज टॉयलेटमध्ये दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. खाली फाडून न्यायच्या नंबराच्या पट्ट्या. दिवाळीच्या कार्यक्रमानंतर चार पट्ट्या गेलेल्या होत्या.

मीनल_के :

तात्या, वहिनींना माझा नमस्कार. टॉयलेटच्या दाराची आतली बाजू हीच बरोबर जागा आहे, तिथे सोबत कुणी येत नाही.

साताऱ्याची_आजी :

भाचीशी बोलले. पार्कातून. फार काही बोलली नाही, पण स्पीकर नव्हता. तिचा पासपोर्ट कुठे आहे ते तिला माहीत नाही म्हणाली. मुलाचाही. आता काय करायचं?

वकीलकाकू :

आजी, तिच्या पासपोर्टचा नंबर कुठेतरी मिळेलच : जुन्या तिकिटाच्या ईमेलमध्ये, व्हिसाच्या अर्जात, लग्नाच्या वेळच्या झेरॉक्समध्ये. तिच्या आईच्या कपाटात बघायला सांगा. तो नंबर, लग्नाचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला यांचे फोटो तुम्ही तुमच्याकडे ठेवा, तिच्या फोनवर नको. हरवलेल्या पासपोर्टसाठी ती भारतीय वकिलातीत स्वतः अर्ज करू शकते, नवऱ्याची सही लागत नाही. मुलाचं वेगळं आहे. मूल अमेरिकन असेल तर १६ वर्षांखालच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते. मात्र मुलाच्या नावे कुणी अर्ज केला तर आपल्याला कळवावं, अशी नोंद आई परराष्ट्र खात्याकडे करून ठेवू शकते. देश दुसरा असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, त्या देशातलं कुणीतरी शोधून देते. इथे देशाचं नाव लिहू नका.